सामायिक जंत

दिनांक २२ नोव्हेंबर २००९, रविवार. रक्कम वीस हजार आठशे रुपये. हजर: मी, माझी पत्नी, आणि खुलताबादच्या डोंगराखाली एका वाडीत राहणारी, शेळ्या वळणारी एक बाई, जिला आम्ही दोघं पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागलो. आठ गाभण शेळ्याही हजर होत्या. त्यांचं मत कुणी विचारलं नाही. मला पाहताच त्यांनी तोंडं फिरवली होती, तेवढ्यावरून मी काही समजायला हवं होतं.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत लेखा विभागात होतो. माझे आजोबा पंचांग सांगायचे, वडील कारकून होते, आणि मी कारकुनांच्या चुका काढणारा कारकून. घरात अंडंसुद्धा येत नाही. पण त्या वर्षी मुदत ठेवीचं व्याज उतरलं आणि जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी गमतीनं शेळीपालनाचं गणित मांडलं. मांडणारा डबा धुऊन ते विसरून गेला. मी ते घरी आणलं. कागदावर शेळी हा फार सुरेख प्राणी आहे. दोन वर्षांत तीनदा विते, मिळेल तो पाला खाते आणि कधी आजारी पडत नाही. आजारी पडायला मी तिच्यासाठी रकानाच आखला नव्हता.

"आपण खात नाही ते पाळायचं कशाला?" पत्नीनं विचारलं.

"सिमेंट कंपनीचे शेअर घेतले होते, तेव्हा सिमेंट खात होतो का आपण?"

"ते सिमेंट मरत नव्हतं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. माझ्या घरात चर्चा अशा संपतात.

शेळ्या मी शहरातल्या छावणी भागातल्या गुरुवारच्या बाजारात घेतल्या. त्यासाठी एक किरकोळ रजा खर्ची घातली. प्रत्येक शेळीला मी समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पाहिलं, वय विचारलं, वजनाचा अंदाज विचारला, मागच्या खेपेला किती पिल्लं झाली ते विचारलं, आणि सगळं लिहून घेतलं. विकणारा दाढीवाला म्हातारा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "साब, बकरी ले रै की बकरी का इम्तिहान ले रै?" बाजूचे चारजण हसले. मी घासाघीस न करता पैसे दिले. इम्तिहानात नापास झालो तो मीच.

आता या शेळ्या ठेवायच्या कुठे, तर मावशीकडे. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. पैसेवाल्यानं जनावर घेऊन द्यायचं, गरजवंतानं सांभाळायचं, आणि होणारी पिल्लं दोघांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. मूळ जनावर पैसेवाल्याचंच राहतं. मावशी लग्न झाल्यापासून अशीच दुसऱ्यांच्या शेळ्यांमागं फिरत होती. वय असेल पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं काटक आणि बोलायला माझ्यापेक्षा पुष्कळ तयार.

"निम्मंबिम्मं नको," ती म्हणाली. "नर समदे तुमचे, माद्या समद्या माझ्या. कबूल?"

माझ्या डोक्यात लगेच आकडे हलले. बकरी ईदेला बोकडाला मादीपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. बाई नुकसानीत जातेय आणि तिला कळत नाही, असं वाटून मी चेहऱ्यावरचा आनंद लपवण्यासाठी चष्मा पुसला.

"माद्याच कशाला मावशी?" पत्नीनं विचारलं. तिला माझं चष्मा पुसणं कळतं.

"पाच पाहिजेत मला, ताई. माझ्या सोताच्या पाच शेळ्या झाल्या की दुसऱ्याच्या वळायचं बंद. कुनी इचारनार नाय, ही का लंगडती, ती का वाळली. चारीन न्हायतर उपाशी ठेवीन. माझ्या मनाची."

एवढंच तिचं म्हणणं होतं आणि ते तिनं त्यानंतर मला दर भेटीत ऐकवलं. पाच. चारमध्ये भागत नाही का, असं मी एकदा विचारलं. तिनं सांगितलं, एक आटली, एक गाभण राहिली नाही, तरी तीन दूधपिल्लांच्या राहतात; चार असल्या की एखाद्या वर्षी हात पसरावा लागतो. माझ्या कचेरीत गंगाजळीची तरतूद यापेक्षा नीट कुणी समजावून सांगितली नव्हती.

मी करार लिहून नेला होता. चाऱ्याच्या पेंडीचा आणि औषधाचा खर्च माझा. तिनं त्यात एकच अट घालायला लावली. चारा, पाणी, औषध, जे काही करायचं ते सगळ्या जनावरांना सारखं. मागच्या एका मालकानं आपल्या बोकडांना पेंड घातली होती आणि तिच्या वाट्याच्या पिल्लांना नुसता वास दिला होता. मी अट आनंदानं लिहिली. 'सर्व जनावरांस समान वागणूक.' ओळ लिहून झाल्यावर मला थोडं थोर वाटलं.

संक्रांत ते शिवरात्र या काळात आठही शेळ्या व्यायल्या. तेरा पिल्लं जगली, सात नर आणि सहा माद्या. म्हणजे मावशीचे पाच पुरे होऊन वर एक. तिनं प्रत्येक मादीच्या गळ्यात लाल चिंधी बांधली आणि मला बजावलं, "लाल ती माझी. हात लावायचा तर इचारून." उन्हाळाभर सगळं कागदावरच्यासारखं चाललं. दर रविवारी मी सकाळच्या बसनं जायचो. रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा मी विकत घेतला होता. तो बाभळीच्या फांदीला अडकवून, गोणपाटाच्या झोळीत एकेक जनावर घालून मी वजनं करायचो. वाडीतली माणसं ते पाहायला जमायची. त्यांच्याकडे तेव्हा दुसरी करमणूक नव्हती, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो.

जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैच्या सुरुवातीला वजनं थांबली. मग उतरायला लागली. पिल्लांचे केस राठ झाले, शेपटीखाली हगवणीचे डाग दिसायला लागले. मावशीच्या मते ही दृष्ट होती आणि ती माझ्या काट्याची होती.

"रोज कुनी लेकरू तोलतं का ओ? टिकंल का त्याच्या अंगी?"

"आठवड्यातून एकदा तोलतो मावशी."

"तेच तर. आठवडाभर चढतं, तुम्ही आलात का उतरतं."

आकड्यांवरून तिचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, हे मला कबूल करायला हवं.

शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. मी तिच्यापुढे वजनांचा तक्ता ठेवला. तिनं तो बाजूला सरकवला आणि म्हणाली, "काका, लेंड्या आणा. ताज्या. प्रत्येकीच्या वेगळ्या. लगेच यायला जमलं नाही तर थंड जागी ठेवा."

लेंड्या आणण्यासाठी मला पत्नीनं जपून ठेवलेल्या सुपारीच्या पारदर्शक डब्या फार सोयीच्या वाटल्या. प्रत्येक डबीवर चिठ्ठी लावली, आत नमुना भरला, पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतली. बसमध्ये शेजारी एक सद्‌गृहस्थ बसले होते. घाट उतरेपर्यंत ते पिशवीकडे बघत राहिले. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"आवळासुपारी घरचीच का?"

"घरची नाही. नमुना आहे."

"बघू बरं एक."

मी पिशवी छातीशी धरली आणि नाही म्हणालो. उरलेला सगळा रस्ता ते खिडकीबाहेर बघत राहिले. एवढी कंजूष माणसं त्यांनी पाहिली नसावीत.

डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकात मला लेंडीतली जंतांची अंडी दाखवली. लांबट, पातळ सालाची, आत द्राक्षाच्या घडासारखे गोळे. ती म्हणाली, हा आतड्यात राहणारा गोल जंत. केसाएवढा बारीक. त्याची मादी रोज शंभरावर अंडी घालते, ती लेंडीतून जमिनीवर पडतात. पावसाळी ओलीत त्यांच्या अळ्या होतात, त्या ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, शेळी ते गवत खाते, आणि तीन आठवड्यांत आतली नवी मादी अंडी घालायला लागते.

मला पहिल्यांदा जंतांबद्दल आदर वाटला. रोज शंभर आणि मुदत तीन आठवडे. असा चक्रवाढीचा दर मी कुठल्याही ठेवीवर पाहिला नव्हता. मी चुकीच्या प्राण्यात पैसे घातले होते.

तिनं औषध दिलं आणि सांगितलं, "वजनाप्रमाणे पाजा. मोठ्या शेळीला साधारण बारा मिली, पिल्लांना चार-साडेचार. तुमच्याकडे वजनं आहेतच." शेवटचं वाक्य तिनं हसून म्हटलं. मला ते कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी मी बिनसुईची सिरिंज घेऊन वाडीवर हजर झालो. पहिल्या शेळीला बारा मिली पाजलं. मावशीनं लाल चिंधीवालं पिल्लू पुढं केलं. मी सिरिंजमध्ये चार ओढलं.

"हे एवढंच?"

"वजनाप्रमाणे आहे मावशी."

"तुमच्या शेळीला बारा आन् माझ्या पाठीला चार?" पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरुण मादी. "सारखं म्हनून लिवलंय ना तुमी? का ते निस्तं लिवायपुरतं?"

"अहो, ही लहान आहे."

"ल्हान हाये म्हनूनच तिला जास्ती लागतं. आजारी कोन जास्ती? तीच ना?"

भोवती जमलेल्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. करार माझ्या हस्ताक्षरातला होता. आणि मला वाटलं, हिचा संशय चुकीचा असला तरी रास्त आहे. आठ मोठी जनावरं माझी, आणि सगळ्यात जास्त औषध त्यांनाच जातंय. तेव्हा मी असा तोडगा काढला की माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचला नसता. सगळ्या एकवीस जनावरांच्या वजनांची बेरीज केली. तीनशे पंचाहत्तर किलो. भागिले एकवीस. सतरा किलो आठशे सत्तावन्न ग्रॅम. प्रत्येक जनावर एवढ्या वजनाचं आहे असं धरलं तर प्रत्येकाला सात मिली आणि थोडं वर. एकूण औषध दीडशे मिली, म्हणजे डॉक्टरनं सांगितलेल्या मापात एका थेंबाचाही फरक नाही. पहिल्या शेळीला आधीच जास्त गेलं होतं म्हणून तेवढ्यापुरती नवी बाटली फोडली आणि तो खर्चही करारानुसार माझ्याच अंगावर घेतला.

"हां," मावशी म्हणाली. "आता कसं मानसावानी वागले."

एका जातीचं समाधान घेऊन मी घरी आलो. न्याय झाला होता, बेरीज जुळली होती आणि दोन्ही पक्ष खूश होते. जंत हा तिसरा पक्ष माझ्या लक्षात आला नव्हता.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून पूजेला बसणार, एवढ्यात फाटक वाजलं. गारखेड्यातलं आमचं घर मावशीला माहीत होतं. संक्रांतीला ती पत्नीकडे वाण घ्यायला येऊन गेली होती. ती ओट्यावर उभी होती आणि शेजारी गोणपाट. गोणपाटाच्या तोंडातून लाल चिंधीचं टोक बाहेर आलं होतं.

"गेली," ती म्हणाली. "राती. तुमचं औषीद पेऊन गेली."

शेजारच्या गॅलऱ्या एकेक करून भरायला लागल्या. आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला आणि पेपरवाला येतो. मेलेली शेळी त्याआधी कुणी आणली नव्हती. मी घाईनं म्हणालो, "मावशी, आत... म्हणजे आत नको, मागच्या बाजूनं..."

"बसा मावशी," पत्नी म्हणाली. तिनं चहा टाकला, आणि मग मला हळू आवाजात विचारलं, "आता किती राहिल्या तिच्या?"

"पाच."

"म्हणजे आता एकही जायला नको."

हे तिनं सांगेपर्यंत मी मनात मेलेल्या पाठीची बाजारभावानं किंमत काढत होतो.

मी म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ, कारण काय ते कळू दे. मोठ्या शेळ्यांच्या लेंड्याही लागतील. मावशीनं त्या आणल्या नव्हत्या. मग मला बोलावं लागलं.

"आहेत. रविवारच्या, पुन्हा तपासायला आणलेल्या."

"कुठे आहेत?" पत्नी म्हणाली.

मी फ्रिज उघडला. दह्याच्या पातेल्यामागून चार डब्या काढल्या.

मग पत्नीनं विचारलं, "कधीपासून?"

"फक्त रविवारपासून. डॉक्टरांनी थंड जागी ठेवायला सांगितलं होतं. आणि झाकण घट्ट आहे."

"काल पाहुण्यांना मी यातल्या एका डबीतली सुपारी देणार होते," ती म्हणाली. "हात पुढे केला होता मी." मावशीला हसू फुटलं, तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच तिला गोणपाट आठवलं. पत्नी चप्पल घालून आमच्याबरोबर निघाली. म्हणाली, तुम्ही पुढं काय कराल ते मला डोळ्यांनी बघायचंय.

रिक्षावाल्यानं गोणपाटाचे वेगळे वीस रुपये घेतले.

डॉक्टरनं पाठीचं पोट उघडलं तेव्हा मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक दोनदा वाचलं. "काका, बघा इकडे," असं तिनं म्हटल्यावर वळावं लागलं. तिनं आतड्याचा तुकडा चिरून पाण्याच्या पांढऱ्या ट्रेमध्ये हलवला. पाण्यात केसांसारखे बारीक धागे तरंगले. मग ते धागे वळवळले. पत्नी वाकून बघत होती. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि पुन्हा आत आलो.

"औषध कसं पाजलं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

मी सरासरी समजावून सांगितली. बेरीज, भागाकार, एकूण दीडशे मिली. ती ऐकत होती आणि तिच्या भुवया वर वर जात होत्या.

"म्हणजे बारा लागणाऱ्या शेळ्यांना सात?"

"पण एकूण औषध बरोबर होतं," मी म्हणालो.

"अहो," पत्नी म्हणाली, "घरात पाच पोळ्या असल्या तर तान्ह्या पोरालाही अडीच आणि तुम्हालाही अडीच, असं वाढू का मी उद्यापासून? एकूण पोळ्या बरोबरच होतील."

डॉक्टरनं तोंडावर हात धरला. मग तिनं नीट सांगितलं. पिल्लांना जास्त गेलं, त्यानं फारसं बिघडलं नाही. पण मोठ्या शेळ्यांच्या पोटात कमी औषधात जे तगले ते सगळ्यात चिवट जंत. आता त्यांचीच अंडी त्याच गवतावर पडत आहेत आणि पिल्लं तेच खात आहेत. ते औषध आता या कळपात पुरं पडणार नाही, दुसरं द्यावं लागेल. फ्रिजमधल्या नमुन्याची काच तिनं लावली आणि मावशीला बोलावलं.

मावशीनं एक डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग पुन्हा एक उघडला. बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग तिला अंडी दिसली.

"हे कुनाचं?"

"यांच्या मोठ्या शेळीचं," डॉक्टर म्हणाली.

"साहेबांच्या?"

"हो."

"आन् हेच माझ्या पाठी खात्यात?"

"गवतावरून, हो."

मावशी माझ्याकडे वळली. "म्हंजी तुमच्या शेळ्यांनी अंडे घातले आन् माझ्या लेकरांनी खाल्ले."

"शेळ्यांनी नाही मावशी, जंतांनी."

"जंत कुनाच्या पोटातले?"

लेखापरीक्षणाला आलेल्या माणसानं असा एक प्रश्न विचारला की आम्ही चहा मागवतो. इथं चहाची सोय नव्हती.

त्या दिवसापासून मावशीचा पक्ष बदलला. नवीन औषध घेऊन मी रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो, तर ती माझ्या मोठ्या शेळीचा जबडा धरून तयार. मी बारा मिली ओढलं.

"आजून घ्या."

"एवढंच सांगितलंय."

"कंजूषपना करू नका. तुमच्याच शेळ्या हायेत. पंधरा करा, ईस करा, हिच्या पोटात एक ठेवू नका."

"मावशी, वजनाप्रमाणे..."

"गेल्या टायमाला वजन कुटं गेलं होतं?"

मी वजनाप्रमाणेच पाजलं, पण प्रत्येक शेळीला मला तिच्याशी भांडावं लागलं. तीन आठवड्यांपूर्वी मी याच माणसाला माझ्या शेळ्यांना बारा का, याचा खुलासा करत होतो. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे आम्ही शेळ्या वाडीजवळच्या ओढ्याकाठच्या ओल्या गवतावरून वरच्या खडकाळ माळावर हलवल्या, आणि दव वाळल्याशिवाय सोडायच्या नाहीत असं ठरलं. मावशीनं ते पाळलं. मीही माझ्याकडून एक पाळलं: पुढे मी वजनं केली नाहीत.

मोठ्या शेळ्या सुधारल्या. नरही सुधारले, एक सोडून. माद्यांमधली सगळ्यात लहान मात्र उठली नाही. मावशीनं तिला ताक पाजलं, मांडीवर घेऊन बसली, अंगावर स्वतःचं लुगडं घातलं. चौथ्या दिवशी तिनं वाडीतल्या किराणा दुकानातून माझ्या कचेरीत फोन लावायला सांगितला. फोनवर ती रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "चार ऱ्हायल्या, साहेब."

मी "बरं" म्हणालो. एखाद्या पत्राची पोच द्यावी तसं. फोन ठेवल्यावर मला तो शब्द स्वतःलाच ऐकू आला. त्यानंतर कुठलीही बेरीज केली तरी तिचा 'चार' मध्ये यायचा. त्या महिन्यात मी पास केलेली बिलं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच पुन्हा तपासावी लागली.

बकरी ईदेच्या आधीच्या गुरुवारी मी सहा नर घेऊन छावणीत उभा राहिलो. वर्षभर मी ज्या दिवसाच्या भावावर गणित बांधलं होतं तो हा दिवस. पहिल्या गिऱ्हाइकानं भाव विचारायच्या आधी बोकडाचं तोंड उघडलं, आत बघितलं आणि मिटलं. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानं मला सांगितलं, "साब, दूध के दांत हैं. कुर्बानी को साल पूरा होना." माझी करडं दहा महिन्यांचीही पुरती नव्हती. जन्मतारखा माझ्याकडे लिहून होत्या, ईदेची तारीखही लिहून होती. दोघींमधलं अंतर मात्र मी कधी मोजलं नव्हतं. ती सहाही मग खाटकाकडे साध्या भावानं गेली. गेल्या वर्षीचा तो दाढीवाला म्हातारा समोरच होता. त्यानं फक्त आपल्या बोकडाचं तोंड उघडून मला दोन पक्के दात दाखवले.

ईद झाल्यावरच्या रविवारी आम्ही दोघं हिशोबाला वाडीवर गेलो. मावशीनं अंगणात पोतं अंथरलं. तिच्या चारही पाठी आता चांगल्या भरल्या होत्या. लाल चिंध्यांच्या जागी तिनं लाल दोरे घातले होते.

"बोला," ती म्हणाली. "दोन गेल्या माझ्या. त्याचं काय?"

मी तयारी करून गेलो होतो. मी म्हणालो, जंत हे सामायिक आहेत. कळप एकत्र चरत होता, गवत एकत्र होतं, तेव्हा कुणाचा जंत कुणाच्या पोटात गेला हे सांगता येत नाही. औषध सारखं द्यायचा आग्रह मावशीचा होता. सरासरीची चूक माझी होती. दुसरी पाठ औषध बरोबर देऊनही गेली. माझाही एक नर गेला आहे. हे सगळं धरून माझ्या अंगावर येणारी जबाबदारी मी काढली होती, आणि ती अर्धी शेळी येत होती.

"अर्धी?" मावशी म्हणाली.

"म्हणजे तेवढी किंमत."

"नाय नाय, शेळीच द्या की अर्धी. पुढली देता का मागली?" तिनं पत्नीकडे पाहिलं. "ताई, मागली बरी. दूध तरी निगंल."

पत्नी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मावशी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "साहेब, मी तुमच्यावर खार खात न्हाय. सारखं द्या म्हनले ती मीच. पन मला पाच पाहिजे होत्या. चार घेऊन मी परत तुमच्याच दारात. पुढल्या साली कुन्या दुसऱ्या साहेबाच्या शेळ्या. तुमची अर्धी मला काय करायची?"

माझा हिशोब कागदावर होता, आणि तो कागद मी घडी करून खिशात घातला. पत्नी आता हसत नव्हती.

"घ्या मावशी, एक निवडा," मी म्हणालो.

मला वाटलं होतं ती मधली घेईल. तिनं आठांमधून वाट काढली आणि सगळ्यात जड शेळीच्या कानाला धरलं. माझ्या शेवटच्या नोंदीत तेहतीस किलोची, आता गाभण. तिच्यावर माझा मनातून जीव होता. मी तोंड उघडलं, पण पत्नीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

उरलेल्या सात शेळ्या पुढच्या गुरुवारी विकल्या. नरांचे आणि शेळ्यांचे मिळून एकतीस हजार पाचशे आले. मूळ रक्कम, पेंड, औषधं, काटा, बसभाडं, खाली लिहिलेलं रोख देणं आणि वेगळे वीस रुपये वजा जाता जे उरलं ते बचत खात्यातल्या व्याजाच्या थोडं वर होतं. रजा धरल्या नाहीत.

देणं असं झालं. डॉक्टरच्या दवाखान्यात तपासणीची सरकारी फी, चारदा, पावती घेऊन. मावशीला सगळ्यात जड गाभण शेळी, आणि दुसऱ्या पाठीबद्दल रोख दोन हजार रुपये. मी त्यावर सही घ्यायला रसीद तिकीट नेलं होतं. पैसे पत्नीनं तिच्या हातात दिले आणि तिकीट माझ्याकडेच राहिलं.